गच्चीवरून तडीपार

२००५ साली लंडनमधल्या एका डीजेवर एक आदेश बजावला गेला. काय आदेश, तर टॉवर हॅम्लेट्स हा जो त्याचा स्वतःचा भाग, जिथे तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या चार मजल्यांपेक्षा उंच कुठल्याही बिल्डिंगच्या गच्चीवर परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. बस. मारामारी नाही, चोरी नाही, गच्चीवर जायचं नाही. आपल्याकडे जिल्ह्यातून तडीपार करतात ना, तसं याला गच्चीवरून तडीपार केलं.

त्याचं नाव डीजे स्लिमझी. आणि तो गच्चीवर जाऊन काय करायचा हे समजून घ्यायचं असेल तर आधी आपल्याच गच्चीवर जाऊया.

ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकातलं आहे त्यांना हे सांगायलाच नको. क्रिकेटची मॅच चालू, टीव्हीवर मुंग्या, मग घरातला एक जण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणार, दुसरा जिन्यात उभा राहून निरोप पोचवणार आणि खालून आई ओरडणार, आलं आलं, थांब, गेलं, परत मागे फिरव. आमच्याकडे अँटेना फिरवायचं काम माझ्याकडे होतं आणि मला ते इतकं आवडायचं की मॅच चुकली तरी चालायचं, कारण वर उभं राहिलं की कळायचं की समोरच्या बिल्डिंगीला एक मजला जास्त आहे म्हणून त्यांच्याकडे चित्र स्वच्छ येतं. या लहरींचं गणित असंच आहे, एफएमचंही तेच. लहर सरळ रेषेत जाते, मध्ये काही आडवं आलं की अडते, म्हणून जितकी अँटेना उंच तितका पल्ला लांब. ही एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, कारण आज मी तुम्हाला जे सांगतोय ते सगळं त्यावर उभं आहे.

आता लंडन. तिथे परवान्याशिवायच्या रेडिओला म्हणतात पायरेट रेडिओ, पायरेट म्हणजे समुद्री चाचा, आणि सुरुवातीला ते नाव अगदी शब्दशः खरं होतं कारण स्टेशन बोटीवर असायचं. १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइन सुरू झालं, इंग्लंडच्या हद्दीबाहेर समुद्रात नांगर टाकून. का, तर देशात रेडिओ म्हणजे फक्त बीबीसी आणि तिथे रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यालाही करारांची मर्यादा, तरुण पोरांना हवं ते गाणं लागायचंच नाही. १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री असं बोटीवरून प्रसारण करायला बंदी घालणारा कायदा लागू झाला, बोटींचं बस्तान मोडलं, आणि सहा-सात आठवड्यांत, ३० सप्टेंबरला, बीबीसीने स्वतःच रेडिओ वन सुरू केलं आणि त्यावर बोलायला कोण घेतलं, तर बोटीवरचेच डीजे.

हे ऐकून मला आपले केसकर आठवतात. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपला मराठी माणूस, १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीतासाठी त्या माणसाने जे केलं त्याचा मला आदर आहे, पण लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची गीतमाला मुंबईत रेकॉर्ड व्हायची, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून समुद्रावरून परत आपल्या घरात यायची. सिलोन काही पायरेट नव्हतं, रीतसर स्टेशन होतं, पण कारण तेच की इथे मिळत नाही म्हणून तिथलं ऐकायचं, आणि परिणामही तोच, १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावं लागलं. लोकांना एखादं गाणं हवं असेल ना तर ते कुठून ना कुठून येतंच.

तर बोटी गेल्या आणि हळूहळू पायरेट रेडिओ जमिनीवर आला, म्हणजे खरं तर गच्चीवर आला. लंडनमध्ये महापालिकेने बांधलेले उंच उंच टॉवर आहेत, वीस वीस मजल्यांचे, कामगार, स्थलांतरित, कमी कमाईवाली माणसं राहतात तिथे. श्रीमंतांच्या वस्तीत कमी उंचीची टुमदार घरं आणि गरिबांच्या वस्तीत उंची. आणि एफएमला काय लागतं, उंची. १९८० च्या सुमाराला पश्चिम लंडनमध्ये डीबीसी म्हणजे ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन सुरू झालं, कॅरिबियन लोकांचं, त्यांच्या रेगे संगीतासाठीचं, नावातच बीबीसीला उत्तर होतं. मग १९८५ मध्ये किस एफएम, ते १९९० मध्ये परवाना घेऊन रीतसर सुरू झालं. १९९१ मध्ये हॅकनी भागात कूल एफएम, तिथे जंगल नावाचं संगीत वाजायचं, प्रचंड वेगाचे तुटक ड्रम आणि खाली जमीन हलवणारा बेस. आणि १९९४ मध्ये टॉवर हॅम्लेट्समधल्याच बो भागातल्या काही पोरांनी, त्यातली काही तर शाळेच्या वयाची, रिन्स एफएम सुरू केलं. त्यातले दोघं म्हणजे जिनियस आणि आपला स्लिमझी.

आता ही पोरं नेमकं करायची काय ते नीट सांगतो, मला हा भाग फार आवडतो. स्टुडिओ म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटमधली एक खोली. दोन टर्नटेबल, एक मिक्सर, एक माइक, खिडकीला जाड पडदा. पण ट्रान्समीटर तिथे ठेवायचा नाही. तो दुसऱ्याच टॉवरच्या गच्चीवर, लिफ्टच्या शाफ्टमध्ये नाहीतर हवेच्या पाइपात लपवलेला, वर अँटेना. स्टुडिओपासून तिथपर्यंत आवाज जाणार एका छोट्या लिंकवरून, एका इमारतीकडून दुसरीकडे, समोरासमोर. कारण काय, तर सरकारी माणसं लहरीचा माग काढत आली तर त्यांना ट्रान्समीटर सापडेल, स्टुडिओ नाही. मग ते ट्रान्समीटर उचलून नेणार, स्टेशन गप्प, आणि रेडिओवर नुसती खरखर. की लगेच कुणीतरी नवा ट्रान्समीटर खांद्यावर टाकून रात्री जिने चढणार. हे सारखं चालायचं. वर पाऊस, वारा, कठडा नसलेली कड, हातात अँटेनाची कोॲक्स केबल. आणि नुसतं सरकारच नाही, दुसऱ्या स्टेशनची माणसंही ट्रान्समीटर पळवायची.

रिन्समध्ये हे वर चढायचं काम करणाऱ्यांत स्लिमझी होता. लक्षात घ्या, हा त्या भागातल्या सगळ्यात नावाजलेल्या डीजेंपैकी एक, रविवारी त्याचा शो लागला की पोरं कॅसेट घालून बसायची, आणि तोच माणूस अंधारात गच्चीवर अँटेना बांधतोय. पैसे? उलट बहुतेक पायरेट स्टेशनांवर शो करायचा तर डीजेनेच दर आठवड्याला वर्गणी द्यायची, कारण जप्त झालेल्या ट्रान्समीटरचा खर्च सगळ्यांनी मिळून भरायचा. आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखंच, फक्त पावती नाही.

आणि त्याच्या बॅगेत काय असायचं तर डबप्लेट. ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमची तबकडी, त्यावर लॅकरचा थर, काळी चकचकीत, हातात घेतली तर नेहमीच्या रेकॉर्डपेक्षा जड लागते. ही पद्धत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांकडून, म्हणजे मोठाले स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्यांकडून आली. एखाद्या पोराने आपल्या बेडरूममध्ये कॉम्प्युटरवर ट्यून बनवली की ती अशा एका तबकडीवर कोरून घ्यायची, लंडनमध्ये त्यासाठी म्युझिक हाऊस नावाची प्रसिद्ध जागा होती, आणि ती एकच प्रत, त्या एकाच डीजेकडे. पण लॅकर मऊ असतं. सुई प्रत्येक वेळी थोडं थोडं खरवडून नेते, काही डझन वेळा वाजवली की वरचे सूर मंद व्हायला लागतात, खरखर वाढते. म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे घालून असं काहीतरी घेता जे वाजवलं की झिजणारच आहे, आणि तरी वाजवता, कारण पुढच्या आठवड्यात नवी ट्यून येणार आहे. स्लिमझीच्या डबप्लेटची ख्याती अशी होती की त्याच्याकडे जे आज लागलं ते दुकानात यायला कितीतरी महिने जायचे, आणि काही तर कधी आलंच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला वाटतं की या पोरांच्या संगीताला त्या ट्रान्समीटरच्या पल्ल्यानं घडवलं. विचार करा, एवढासा ट्रान्समीटर, एका टॉवरवर, आवाज पोचणार पूर्व लंडनभर, फार तर थोडा पुढे. म्हणजे ऐकणारा कोण, तर शेजारचा. ट्यून बनवणारा, वाजवणारा, माइकवर बोलणारा एमसी आणि घरी ऐकणारा, सगळे एकाच पंचक्रोशीतले, एकाच शाळेतले, रोमन रोडवरच्या ऱ्हिदम डिव्हिजन या एकाच रेकॉर्डच्या दुकानात घुटमळणारे. कुणी नवीन काही केलं की त्याच रात्री सगळ्यांच्या कानावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर देणारी ट्यून कुणाच्या तरी बेडरूममध्ये सुरू. बाहेरच्या कुणाला आवडेल का हा प्रश्नच नाही, बाहेर ऐकूच जात नव्हतं. एखाद्या गावची बोली जशी बाजूच्या गावापेक्षा वेगळी होत जाते तसं हे संगीत वेगळं होत गेलं. गराज नावाच्या क्लबातल्या नाचाच्या संगीतातून बाहेर पडलं, मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, मधे मोकळ्या जागा, थंड, टोकदार आवाज, आणि त्यावर पोरं आपल्या टॉवरबद्दल, आपल्या रस्त्याबद्दल बोलणार. त्याला पुढे ग्राइम म्हणायला लागले.

क्लबांची दारं बंद होती हेही विसरू नका. लंडनच्या पोलिसांनी २००५ पासून फॉर्म ६९६ नावाचा एक फॉर्म आणला, कार्यक्रमात कोण वाजवणार, त्यांची नावं, पत्ते सगळं आधी भरून द्यायचं, आणि सुरुवातीच्या फॉर्मवर तर कुठल्या समाजाचे लोक येणार हेही विचारलेलं. त्याचा सगळ्यात जास्त फटका कृष्णवर्णीय पोरांच्या संगीताला बसला अशी टीका वर्षानुवर्षं झाली आणि शेवटी २०१७ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे या पोरांना उभं राहायला हक्काची जागा एकच, रेडिओवरची. बोमधलाच डिझी रास्कल पायरेट रेडिओवरच्या माइकवर तयार झाला आणि २००३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या पहिल्याच अल्बमला मर्क्युरी प्राइझ मिळालं, ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार. रिन्स तेव्हाही बेकायदाच होतं.

आणि एक गोष्ट तर आपल्याकडच्या कुणालाही लगेच कळेल, मिस कॉल. स्टुडिओत एक मोबाइल असायचा, एमसी नंबर सांगायचा आणि म्हणायचा आवडलं तर मिस कॉल द्या. घरोघरी प्रीपेड कार्ड, बॅलन्स कुणाकडेच नाही, म्हणून एक रिंग आणि कट. रिंगा वाढल्या की डीजे रेकॉर्ड मागे ओढणार आणि ट्यून परत पहिल्यापासून. आपण खाली येऊन उभा आहे, पोचलो, जेवायला ये, एवढं सगळं एका फुकटच्या रिंगमध्ये सांगायचो, आणि तिकडे ती पोरं त्याच रिंगेत वन्स मोअर देत होती.

सरकारची बाजूही खोटी नव्हती हे सांगायलाच पाहिजे. हाताने जोडलेला ट्रान्समीटर नीट ट्यून केलेला नसेल तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर घुसतो, विमानांच्या, अग्निशामक दलाच्या बोलण्यात अडथळा येऊ शकतो, आणि लिफ्टच्या शाफ्टमध्ये वायरी टाकल्या तर तिथे दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ते मला पटतं. पण परवाना मागायला जावं तर लंडनच्या एफएमवर जागाच नाही आणि जी आहे ती ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला, मग या पोरांनी जायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

तर २००५ मध्ये स्लिमझी पकडला गेला आणि तो आदेश निघाला. आदेश मोडला तर तुरुंग. ज्या माणसाचं अख्खं तारुण्य गच्च्यांवर गेलं त्याला मान वर करून टॉवर दिसणार पण वर जाता येणार नाही. तो रिन्सपासून दूर झाला, बरीच वर्षं त्याचा आवाज फारसा कुठे नव्हता. याच वर्षांत ग्राइम मोठं होत गेलं, रिन्सवरच डबस्टेप नावाचं आणखी एक संगीत वाढलं, आणि २०१० मध्ये रिन्सला ऑफकॉमकडून, म्हणजे तिथल्या प्रसारणाचं नियमन करणाऱ्या संस्थेकडून, कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळाला. सोळा वर्षं लपूनछपून चालवल्यावर रीतसर, कागदावर, १०६.८ वर. मला या ठिकाणी प्रत्येक वेळी गलबलतं, कारण तो कागद हातात येईपर्यंत ज्यांनी जिने चढले त्यांच्यातला एक त्या वेळी तिथे नव्हता.

नंतरच्या दशकात स्लिमझी परत आला, रेडिओवर, स्वतःच्या लेबलसकट, आणि नवी पोरं त्याला पुन्हा ट्यूनी आणून द्यायला लागली. आजही तो डबप्लेटवाला म्हणूनच ओळखला जातो.

त्या काळातले शो लोकांनी घरी कॅसेटवर रेकॉर्ड केले होते, त्यातले बरेच आता डिजिटल झालेत, शोधले तर सापडतात. मी रात्री उशिरा हेडफोन लावून ऐकतो. आधी खरखर, मग बेस, मग एमसी नंबर सांगतोय, मागे खोलीत कुणीतरी हसतंय, रेकॉर्ड मागे ओढल्याचा तो सर्रकन आवाज. आणि मधेच आवाज एकदम फिकट होतो, जातो, दोन-तीन सेकंद काहीच नाही, परत येतो. वाऱ्याने वर अँटेना हलली असेल, किंवा रेकॉर्ड करणाऱ्या पोराने घरात उठून रेडिओची एरियल थोडी डावीकडे फिरवली असेल.