अणुकेंद्रक कशाच्या बळावर टिकतं?

दोन प्रोटॉन. मधलं अंतर दोन फेम्टोमीटर. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. दोघांवरही धन प्रभार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात, आणि हा रेटा भरतो जवळपास ५८ न्यूटन. सहा किलोचं ओझं उचलायला लागतो तेवढा जोर, एकेका प्रोटॉनवर! गुरुत्वाकर्षणाचा इथे काही उपयोग नाही; या रेट्यापुढे ते एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटींनी दुबळं आहे. तरीही युरेनियमच्या केंद्रकात ९२ प्रोटॉन दाटीवाटीनं राहतात.

१९३२ साली जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि कोडं अधिकच अवघड झालं. न्यूट्रॉनला प्रभारच नाही, मग त्याला आत धरून ठेवतं कोण? १९३५ मध्ये जपानच्या हिदेकी युकावा यांनी उत्तर सुचवलं: केंद्रकातले कण आपसात एका वेगळ्याच कणाची देवाणघेवाण करतात आणि त्यातून ओढ निर्माण होते. या ओढीचा पल्ला किती तोकडा आहे, त्यावरून युकावांनी त्या न पाहिलेल्या कणाचं वस्तुमानही काढलं. इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट. निव्वळ कागदावर! १९४७ मध्ये वैश्विक किरणांनी फोटोग्राफिक लेपात उमटवलेल्या रेघांमध्ये तो कण दिसला. तोच पायॉन. भरला सुमारे २७३ पट.

पुढे कळलं, की प्रोटॉन आणि न्यूट्रॉनही क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले असतात. ग्लुऑन नावाचे कण त्या क्वार्कना जखडून ठेवतात; या पकडीलाच प्रबल बल म्हणतात. केंद्रकातली ओढ हा त्याच प्रबल बलाचा बाहेर झिरपलेला अंश.

आता त्या तोकड्या पल्ल्याकडे नीट पाहू, कारण सगळं त्यावरच ठरतं. तीन फेम्टोमीटरच्या पलीकडे ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे प्रत्येक कण फक्त लगतच्या कणांना धरू शकतो. विद्युत रेटा मात्र केंद्रकात आरपार पोचतो. ९२ प्रोटॉनांच्या जोड्या होतात ४,१८६, आणि प्रत्येक जोडीत ढकलाढकल. न्यूट्रॉन ओढ वाढवतात, रेटा वाढवत नाहीत. म्हणूनच हेलियमला दोन प्रोटॉनांमागे दोन न्यूट्रॉन पुरतात, पण शिशाच्या सर्वांत जड स्थिर केंद्रकात ८२ प्रोटॉनांच्या जोडीला १२६ न्यूट्रॉन असतात. त्यापुढे कितीही न्यूट्रॉन घाला, कायमचं टिकणारं केंद्रक मिळत नाही.

युरेनियम-२३८ मध्ये दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा घट्ट गट, म्हणजे अल्फा कण, कधीतरी काठाबाहेर निसटतो. तिथे ओढ पोचत नाही. उरतो तो फक्त रेटा, आणि तो या गटाला सेकंदाला सुमारे १४,००० किलोमीटर वेगानं भिरकावून देतो. पण त्यासाठी थांबावं लागतं: निम्मी केंद्रकं अशी फुटायला जवळपास ४४७ कोटी वर्षं जातात.