कशावरून? : मानसोपचार शिकताना

(दृश्य : टेबलावर उघडी केसशीट. लाल पेन.)

केसशीटच्या वरच्या भागात नाव, वय, गाव, शिक्षण, धंदा. त्याखाली रकाना आहे : 'तक्रार, पेशंटच्या शब्दांत'. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने तिथे लिहिलंय, 'शेजाऱ्यांबद्दल संशयाचा भ्रम'. शिकवणाऱ्या मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. पेशंट असं बोललाच नव्हता. तो म्हणाला होता, "मी पाणी भरायला बाहेर आलो की समोरचा खाकरतो. मुद्दाम खाकरतो." आता रकान्यात तेच वाक्य आहे, खाकरण्यासकट. भ्रम आहे की नाही हे ठरवायला अजून चार पानं जायची आहेत.

या चित्रफितीत खरा पेशंट एकही दिसणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पेशंटच्या खुर्चीत बसलेले सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर आहेत. हे फक्त कॅमेऱ्यासाठी केलेलं नाही. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं, मॅडमनी मागे बसून ऐकायचं, ही शिकवण्याची नेहमीची पद्धत आहे.

(दृश्य : ओपीडीचा व्हरांडा, पाठमोरी रांग)

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला हा विभाग फार थोडा भेटतो. काही आठवड्यांची वॉर्ड-पोस्टिंग आणि पुढे इंटर्नशिपमधले २ आठवडे. मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही, मेडिसिनच्याच पेपरात एखादा प्रश्न येतो. मग पोस्टिंगच्या वेळात पुढच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं उघडली जातात, आणि त्याबद्दल पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. तोच विद्यार्थी उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो. "सगळं अंग दुखतं, झोप नाही, कशात मन लागत नाही" म्हणणारी बाई त्याच्याचकडे येते आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी जाते.

(दृश्य : केस घेण्याची खोली. दोन खुर्च्या, दार अर्धं लोटलेलं)

एमडी ३ वर्षांचं. पहिल्या वर्षाचा तो जेआर वन. त्याची खुर्ची दाराच्या बाजूला आहे आणि पेशंट खोलीत आतल्या बाजूला बसलाय. पेशंट अचानक बिथरला तर डॉक्टरला बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणून ही मांडणी. टेबलावर पेपरवेट नाही, कात्री नाही.

आधी नातेवाइकांशी बोलायचं, आणि तेही वेगळं. सांगणारा कोण, पेशंटबरोबर एकाच घरात राहतो का, किती दिवसांपासून, हे आधी लिहायचं. मुंबईहून काल आलेला भाऊ आणि रोज जेवण वाढणारी आई एकच हकीकत सांगत नाहीत. भाऊ म्हणतो, "महिनाभर झालं." आई म्हणते, "दोन वर्षं." दोन्ही लिहायचं. मग तारखा सोडून सण, पेरणी, लग्नं धरायची. "मागच्या गणपतीत वर्गणीला फिरला होता का? आरतीला उभा राहिला? पंगतीत वाढायला होता?" आईला आठवतं, की गेल्या गणपतीत तो वर्गणीला गेलाच नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षी मांडवात आला पण कोपऱ्यात बसून होता. आजाराची सुरुवात अशी सापडते. महिनाभराचा आजार आणि दोन वर्षांचा आजार यांचं निदान वेगळं असतं, उपचारांचा कालावधीही वेगळा.

"इथं येण्याआधी कुठं कुठं दाखवलं?" हा प्रश्न चुकवायचा नाही. देवऋषी, दर्गा, कुलदैवत, मेडिकलवाल्याने दिलेली झोपेची गोळी, सगळं निघतं. विचारताना भुवई वर गेली की पुढचं काही निघत नाही. शिवाय करणी झाली असं सगळं घर, सगळी वाडी मानत असेल, तर तेवढ्यावरून त्याला भ्रम म्हणता येत नाही. "तुमच्या घरच्यांनाही असंच वाटतं का?" हे विचारून बघायचं. घरचे म्हणतात, "आम्हीही मानतो हो, पण हा जे सांगतोय ते काहीतरी भलतंच आहे." हे वाक्य निदानाच्या फार कामाचं असतं.

(दृश्य : समोरासमोर. जेआर वन प्रश्न विचारतो)

"कानात आवाज येतात का?"

हा प्रश्न चुकलाय. कानात शिट्टी वाजणाराही हो म्हणेल, शेजारच्या गिरणीचा घरघराट ऐकणाराही हो म्हणेल. मॅडम त्याला थांबवतात. आता तो असं विचारतो : "आजूबाजूला कुणी नसताना कुणी बोलल्याचं ऐकू येतं का? एकटंच माणूस की जास्त जण? बाई की पुरुष? तुमच्याशी बोलतात, की आपसात तुमच्याबद्दल बोलतात? आता आपण बोलतोय तेव्हाही ऐकू येतंय?" शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण गाळतात. आवाज आपसात बोलतात की थेट हुकूम देतात, यावर निदानही फिरतं आणि आजची रात्र पेशंटजवळ कुणी बसायचं हेही ठरतं.

लक्ष आणि एकाग्रतेची तपासणी सोपी दिसते, म्हणूनच तिथे घोटाळे होतात. आकडे सेकंदाला एक, सपाट आवाजात म्हणायचे : ५, ८, २, ९, ४. जेआर वन ते मोबाइल नंबरच्या चालीत म्हणतो, दोन-दोनच्या जोड्या पाडतो, आणि पेशंटला फुकटची मदत होते. पाच ते सात आकडे सरळ आणि चार-पाच उलटे म्हणता आले तर ठीक. १०० मधून ७ वजा करत जायचं तेव्हा ९३, ८६, ७९ या उत्तरांबरोबर किती वेळ लागला आणि चूक कुठे झाली तेही लिहायचं. 'नॉर्मल' एवढंच लिहिलेलं मॅडम खोडतात. शाळा न पाहिलेल्या आजींना सातची वजाबाकी घालण्यात काही अर्थ नाही. "पन्नासची नोट दिली, अठराची मेथी घेतली, परत किती?" याला आजी जेआर वनच्या आधी उत्तर देतात.

साठी उलटलेला माणूस, आधी कधी मानसिक त्रास नाही, आणि दोन दिवसांपासून भिंतीवर माणसं दिसतायत. दुपारी बरा, रात्री बरळतो. नवख्याला हा मनोविकार वाटतो. त्याला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा. डिसेंबर, नोव्हेंबर, आणि तो खिडकीबाहेर बघायला लागतो. लक्षच टिकत नाही. हा डेलिरियम आहे, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक आलेला गोंधळ. आता शोधायचं ते सोडियम, साखर, लघवीतला जंतुसंसर्ग, आणि नवीन सुरू झालेली औषधं. हा पेशंट मेडिसिनला जातो.

आत्महत्येबद्दल विचारायला जेआर वन कचरतो, विचारलं तर डोक्यात भरेल म्हणून. तसं होत नाही. पायरीपायरीने जायचं : जगण्याचा कंटाळा येतो का, झोपेतच संपलो तर बरं असं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का, काही ठरवलंय का, याआधी कधी प्रयत्न झाला होता का. मग नातेवाइकांना : घरात फवारणीचं औषध कुठे असतं, आणि ते आजच दुसऱ्याच्या घरी हलवता येईल का.

(दृश्य : सकाळचा राउंड. पलंगाभोवती सहा पांढरे कोट)

राउंडला सरांचा प्रश्न ठरलेला. जेआर वन म्हणतो, "सर, पेशंट उदास आहे." सर म्हणतात, "कशावरून?" पेशंट म्हणाला म्हणून, की तुला दिसलं म्हणून? आवाज कसा होता, किती वेळ गप्प राहिला, विनोदावर हसला का, ताट किती उरलं? सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशींना विचारलंस का? रात्रभर वॉर्डात त्या असतात, तू नव्हतास. 'कशावरून?'ला उत्तर नसलेली ओळ केसशीटमधून जाते. एका पेशंटमागे हे सगळं नीट करायला तासभर लागतो. ओपीडीच्या दिवशी एवढा वेळ कुणाकडेच नसतो, आणि या शिक्षणातली खरी टंचाई हीच आहे. पुस्तकं भरपूर आहेत. मागे बसून ऐकणारा सीनिअर मिळत नाही.

(दृश्य : ईसीटीची खोली. सकाळचे साडेसात)

ईसीटी म्हणजे विजेने मेंदूत झटका (फीट) आणण्याचा उपचार. सिनेमामुळे या खोलीबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय आहे. १९३८ साली रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा भूल नव्हती. आज मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांशिवाय ईसीटी देणं बेकायदा आहे. अल्पवयीन मुलांना देण्यावरही बंदी आहे; पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी असेल तरच देता येतं.

पेशंट सहा ते आठ तास उपाशी. कवळी, मंगळसूत्र, बांगड्या काढलेल्या. आदल्या रात्री केस धुतले पाहिजेत आणि सकाळी तेल नको. आता हा हात बघा, कानशिलावरची कातडी मिठाच्या पाण्याच्या बोळ्याने घासतोय. खोबरेल राहिलं तर विजेला अडथळा वाढतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानापुढची चोच यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरायचा, त्याच्या साधारण एक इंच वर इलेक्ट्रोड.

उजव्या घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवलाय. भूलतज्ज्ञ भुलेचं औषध देतात, मग स्नायू शिथिल करणारं सक्सिनिलकोलीन, किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम. पट्ट्यामुळे ते त्या पावलात पोचत नाही. अंगभर स्नायूंची बारीक थरथर वरून खाली जाते आणि पोटरीत थांबते. ती थांबेपर्यंत बटण दाबायचं नाही. ऑक्सिजन चालू, दातांत रबरी ब्लॉक. बटण. सगळं अंग स्वस्थ, फक्त उजवं पाऊल हलतंय. जेआर टू मोठ्याने सेकंद मोजतोय. वीसच्या पुढे गेलं की ठीक. दोन-तीन मिनिटांपलीकडे लांबलं तर औषध देऊन थांबवावं लागतं.

झटका आलाच नाही किंवा पाच सेकंदांत संपला, तर मशिनला दोष देण्याआधी औषधांचा तक्ता बघायचा. बऱ्याचदा रात्रीच्या ड्यूटीवाल्याने झोपेसाठी लोरॅझेपाम दिलेलं असतं, किंवा व्हॅलप्रोएट चालूच राहिलेलं असतं. दोन्ही झटका रोखणारी औषधं. तक्ता आदल्या संध्याकाळीच तपासायचा असतो.

आठवड्याला दोन किंवा तीन वेळा, एकूण सहा ते बारा. शुद्धीवर आल्यावर काही मिनिटं गोंधळ असतो, त्या दिवसांतलं काही विसरायला होतं, आणि काही जणांना ते पुढेही आठवत नाही.

(दृश्य : रिकाम्या वॉर्डात सराव. पाच जण, सतरंजीवर एक)

पेशंट आवरेनासा झाला तर आधी बोलायचं. एकानेच, हळू आवाजात. धरायची वेळ आली तर पाच जण : चार हातापायांना, एक डोक्याशी. गुडघा छातीवर ठेवायचा नाही, तोंड खाली करून दाबायचं नाही, श्वास कोंडतो. इंजेक्शन हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम, कमरेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चाचणीत अशा जोडीने लोरॅझेपामपेक्षा लवकर शांतता आणली होती. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर, विशेषतः तरुण मुलांत, काही तासांत मान वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. घरच्यांना वाटतं अंगात आलं. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने ते उतरतं, पण ते आधीच सांगितलेलं नसेल तर पेशंट पुन्हा या दारात येत नाही.

धरल्याची नोंद केसशीटमध्ये, मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी, आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवणं, हे कलम ९७. पेशंटला खोलीत एकटं कोंडायला कायद्यात जागाच नाही. कलम ८९ खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलेल्या पेशंटची माहिती मंडळाला ७ दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. हे फॉर्म जेआर वनच भरतो, बहुधा मध्यरात्री.

(दृश्य : एसटी स्टँड, मग जिल्हा रुग्णालयाची पाटी)

एमडीच्या काळात ३ महिने जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे सर नाहीत, मॅडम नाहीत, ईसीटीची खोलीही नाही. मूड स्थिर ठेवणारं लिथियम घेणारा शेतकरी समोर बसलाय, हात कापतायत, चालताना तोल जातोय. एप्रिलचं ऊन, घाम, पाणी कमी, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. लिथियम रक्तात साठलंय. एरवी ही पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघतात. इथे गोळी आत्ताच थांबवायची आणि रक्त लगेच काढायचं, गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहून. सोबत क्रिएटिनिन आणि सोडियम. लिथियम १.५ च्या वर म्हणजे विषबाधा. पण आकडा कमी आला आणि लक्षणं ही असली, तरी उपचार विषबाधेचेच. तपासणी इथे होत नसेल तर नमुन्याची वाट न बघता पेशंटलाच सलाइन लावून पुढे पाठवायचं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६ : वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत.

(काळ्या पडद्यावर पाटी)

टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६. दिवसरात्र, मराठीतही.