येत्या रविवारी कोणता खेळ?

(दृश्य: गाडीची उघडी डिकी. चिखलाचे बूट, एक हेल्मेट, तीन हर्ली म्हणजे हर्लिंगच्या काठ्या, कोपऱ्यात हवा गेलेला फुटबॉल.)

ही डिकी आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीतल्या एका खेळाडूची. उन्हाळा सुरू झाला की हिवाळा लागेपर्यंत ती रिकामी होत नाही. काठ्या एका खेळाच्या, चेंडू दुसऱ्या खेळाचा. बूट मात्र दोन्हीकडे तेच, आणि ते घालणारा पोरगाही तोच. या रविवारी हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ, पुढच्या रविवारी गेलिक फुटबॉल, म्हणजे हातानंही खेळता येणारा आयरिश फुटबॉल, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा हर्लिंग. मधल्या सोमवारी सकाळी नोकरी, कारण दोन्ही खेळांत त्याला एक छदाम मिळत नाही.

(दृश्य: हिरवी कुरणं, गाई, अरुंद रस्ता. रस्त्याकडेला हिरव्या-लाल पताका.)

आपण आलो आहोत लॉकमोर–कॅसलायनीला. दोन छोट्या वस्त्यांची मिळून एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या भोवतीची पंचक्रोशी. जवळून एक नदी वाहते. तिचं नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असो, इथली माणसं तिला ‘शूर’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव ऐकून बरं वाटतं.

या पंचक्रोशीचा एक क्लब आहे. २०१३ साली या क्लबानं टिपरेरीचं हर्लिंगचं वरिष्ठ विजेतेपद जिंकलं आणि त्याच वर्षी फुटबॉलचंही. २०२१ मध्ये पुन्हा तेच केलं. त्या वर्षी हर्लिंगची अंतिम लढत थर्लस सार्सफिल्ड्स या क्लबाशी बरोबरीत सुटली, म्हणून ती फेरखेळवावी लागली. म्हणजे आधीच दाटीवाटीच्या वेळापत्रकात आणखी एक रविवार कोंबावा लागला. दोन्ही संघांत बहुतेक पोरं तीच. शहरातल्या मोठ्या क्लबांकडे दोन खेळांसाठी दोन वेगळे संघ उभे करण्याएवढी माणसं असतात. इथे तेवढी घरंच नाहीत.

(दृश्य: मैदान. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा गोलखांब.)

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण; फुटबॉलमध्ये २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. हर्लिंगमध्ये चेंडू लहान, चामड्याचा, उठावदार शिवणीचा; त्याला म्हणतात स्लिटर. ॲशच्या लाकडाच्या, टोकाला चपट्या काठीवर तो उचलायचा, हातात घ्यायचा, हवेत सोडून फटकावायचा, आणि हे सगळं कोणीतरी अंगावर येत असताना. २०१० पासून हेल्मेट सक्तीचं झालं. त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्यानं खेळायची. जुनी छायाचित्रं पाहिली की आपलाच हात डोक्याकडे जातो.

या खेळांची संघटना, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, इथून मोटारीनं थोड्याच अंतरावरच्या थर्लस गावात, हेज हॉटेलमध्ये, १ नोव्हेंबर १८८४ रोजी स्थापन झाली. मायकेल क्युझॅक आणि मॉरिस डेव्हिन ही त्यातली दोन ठळक नावं. इंग्रजांचं राज्य होतं, आणि आपले खेळ आपल्या गावात, आपल्या नियमांनी खेळायचे असा तो निर्धार होता. त्याची किंमतही मोजावी लागली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर टिपरेरीचा फुटबॉल सामना सुरू असताना सरकारी फौजेनं गोळीबार केला. चौदा माणसं गेली. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कचा एक सज्जा आज त्याच्या नावानं उभा आहे.

पण आजची गोष्ट क्रोक पार्कची नाही. ती क्लबाच्या फळ्यावर लागणाऱ्या एका कागदाची आहे: सामन्यांच्या वेळापत्रकाची.

(दृश्य: फळ्यावर टाचलेला कागद, पावसानं एक कोपरा ओला.)

गेलिक खेळांत खेळाडू विकत घेता येत नाही. ज्या मातीत वाढलात त्या मातीच्या क्लबाकडून खेळायचं. क्लब बदलायचा तर अर्ज, चौकश्या आणि कधी कधी नकार. कितीही श्रीमंत क्लब असो, शेजारच्या पॅरिशमधला चांगला पोरगा पैसे टाकून आणता येत नाही. त्यामुळे इथे भांडण पैशाचं फार होत नाही, ते होतं वेळेचं. हा पोरगा अमुक रविवारी कोणाचा? क्लबाच्या हर्लिंगचा, क्लबाच्या फुटबॉलचा, की काउंटीचा?

काउंटीचा संघ म्हणजे टिपरेरीचा निळा-सोनेरी संघ. त्यात निवड होणं हा मान. पण निवड झाली की क्लबाचा हा मोहरा महिनोन्‌महिने क्लबाच्या हाती लागत नाही. पूर्वी अखिल आयर्लंडच्या अंतिम लढती सप्टेंबरमध्ये व्हायच्या. काउंटीचा संघ स्पर्धेत टिकून असेपर्यंत प्रशिक्षक आपला खेळाडू क्लबाला द्यायला राजी नसत. क्लबाचे एक-दोन सामने वसंतात उरकायचे, मग थेट उन्हाळा संपल्यावर पुढचा. तोपर्यंत उरलेल्यांनी काय करायचं? सराव. कशासाठी? ते काउंटी हरली की कळेल. एखाद्यानं लग्नाची तारीख धरली की नेमका त्याच दिवशी सामना लागायचा. काउंटीकडून खेळणारे मूठभर, वाट पाहणारे हजारो.

या वाट पाहणाऱ्यांनी शेवटी आपलीच एक संघटना काढली. जानेवारी २०१७ मध्ये क्लब प्लेयर्स असोसिएशन उभी राहिली. मागणी एकच: वेळापत्रक नीट करा. गंमत अशी, की खरा तोडगा सापडला तो साथीमुळे. २०२० साली कोविडनं सगळं थांबवलं; मैदानं उघडली तेव्हा आधी क्लबांचे सामने झाले आणि काउंटीचे हिवाळ्यावर गेले. त्या वर्षीची हर्लिंगची अंतिम लढत डिसेंबरमध्ये, रिकाम्या क्रोक पार्कवर झाली. पण खेड्यांतल्या पोरांनी पहिल्यांदाच उन्हाळ्यात सलग, ठरल्या तारखांना सामने खेळले. गोडी लागली. पुढच्याच वर्षी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या महासभेनं वर्षाचे दोन भाग मान्य केले: जुलैपर्यंत काउंटी, पुढे क्लब. क्लब खेळाडूंच्या संघटनेनं मग स्वतःला विसर्जित केलं. काम झाल्यावर दुकान बंद करणाऱ्या संघटना जगात फार नाहीत.

(दृश्य: थर्लसचं सेंपल स्टेडियम, निळ्या-सोनेरी झेंड्यांची गर्दी.)

म्हणजे प्रश्न मिटला? २०२५ चं उदाहरण घ्या. २० जुलैला टिपरेरी आणि कॉर्क या दोन काउंट्या हर्लिंगच्या अखिल आयर्लंड अंतिम फेरीत समोरासमोर. मध्यंतराला टिपरेरी सहा गुणांनी मागे. दुसऱ्या अर्ध्यात टिपरेरीनं तीन गोल आणि चौदा गुण केले. कॉर्कला त्या पस्तीस मिनिटांत मिळाले फक्त दोन गुण. पंधरा गुणांनी विजय. त्या तीन गोलांपैकी दोन लॉकमोर–कॅसलायनीच्या जॉन मॅग्रानं मारलेले. त्याचा भाऊ नोएल बदली म्हणून उतरला, त्यानंही एक गुण टाकला. नोएलचं हे चौथं अखिल आयर्लंड पदक.

सप्टेंबरचे दिवस असते तर हा आनंद पुढे शाळांतून, गल्लीगल्लीतून, पहिल्या थंडीपर्यंत पुरला असता. जुलैतल्या विजयाला एवढी उसंत नाही. करंडक गावोगाव फिरतोय तोवर क्लबाच्या स्पर्धेचा कागद फळ्यावर लागतो. काल ज्याच्या खांद्याला खांदा लावून क्रोक पार्कवर धावलो, आज त्यालाच खांदा मारायचा.

इथे समर्थकांची तक्रार सुरू होते, आणि ती खोटी नाही. जुन्या माणसांचं म्हणणं, सप्टेंबर आपला होता, तो आपण दुसऱ्या खेळांना आंदण दिला. शाळा सुरू असायच्या, पोरं वर्गात झेंडे न्यायची; आता अंतिम लढत सुट्टीत येते आणि विरून जाते. काउंटीचे सामने आठवड्यामागून आठवडे इतके भराभर येतात की एखाद्याचा गुडघा दुखावला तर त्याचं वर्षच संपतं. तरुण खेळाडूंना विचारलं तर बहुतेक जण जुनी पद्धत नको म्हणतात. निदान सहलीची तिकिटं काढता येतात. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी पुरेपूर कारण आहे; आमचा कल विचाराल तर खेळाडूंकडे. चिखल त्यांच्या बुटांना लागतो.

टिपरेरीत आणखी एक पीळ आहे. काउंटीचे चार विभाग, उत्तर, मध्य, दक्षिण, पश्चिम, आणि प्रत्येक विभागाची स्वतःची स्पर्धा. शेजारगावाला आपल्या विभागाच्या अंतिम फेरीत हरवणं हे एकेकाळी काउंटी जिंकण्याच्या खालोखाल मानलं जायचं. आता वर्षाच्या दुसऱ्या भागात काउंटीची स्पर्धा बसवतानाच दमछाक होते, मग विभागाची स्पर्धा कुठल्या फटीत घालायची? आणि ज्या क्लबाचे तेच पंधरा-वीस गडी दोन्ही खेळ खेळतात, त्याच्या चिटणीसाला वेळापत्रक हातात घेताना काय वाटत असेल! एक सामना बरोबरीत सुटला की पुढचे चार कागद बदलतात. गावात मृत्यू झाला की सामना पुढे ढकलतात; खेळाडू क्लबाची जर्सी घालून शवपेटीच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. तो रविवार कोणी मोजत नाही.

(दृश्य: प्रवेशद्वार. वही-पेनाची जागा घेतलेला फोन.)

फाटकावरची कुरबुर वेगळीच. पूर्वी नोट पुढे केली की आत सोडायचे. साथीच्या काळात तिकीट फोनवर गेलं आणि तिथेच राहिलं. वयस्कर समर्थकांपैकी काहींना सत्तर वर्षांच्या निष्ठेनंतर नातवाकडून तिकीट काढून घ्यावं लागतं, हे त्यांना झोंबतं. घरी बसून पाहावं, तर तेही सगळं फुकट नाही. मे २०२३ मध्ये कॉर्क आणि टिपरेरी यांच्यात एकतीस-एकतीस गुणांची बरोबरी झाली, हंगामातल्या उत्तम सामन्यांपैकी एक; आणि तो पाहायला इंटरनेटवर पैसे भरावे लागले. खेळाडू फुकट खेळतो, प्रेक्षक मात्र पैसे देतो, अशी ओरड तेव्हा संसदेपर्यंत गेली.

मैदान एकच, मागणारे अनेक. पुरुषांच्या दोन संघांनंतर मुलं, मग स्त्रियांचं फुटबॉल, मग कॅमोगी, म्हणजे स्त्रियांचं हर्लिंग. त्यांच्या संघटना वेगळ्या, वेळापत्रकं वेगळी; एकाच मुलीचे दोन सामने एकाच दिवशी लागल्याची उदाहरणं आहेत. तिन्ही संघटना एक करण्याचं काम चालू आहे. तोवर कॅमोगीच्या खेळाडूंनी एक लढाई स्वतःच जिंकली: स्कर्टवजा स्कॉर्टची सक्ती नको, शॉर्ट्स घालू द्या. मे २०२५ मध्ये खास महासभेत ९८ टक्के प्रतिनिधींनी होकार दिला. एवढ्या साध्या गोष्टीला एवढा वेळ का लागला, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

(दृश्य: बसथांबा. पाठीवर बॅग, बॅगेत खोचलेली हर्ली.)

कुठलंही वेळापत्रक ज्याच्यापुढे हात टेकतं ते हे. शिकलेली पोरं डब्लिनला जातात, तिथून सिडनीला. शुक्रवारी रात्री डब्लिनहून निघून सरावाला येणारे आहेत. सिडनीहून कोण येणार? काही काउंट्यांत शेजारशेजारच्या क्लबांना मुलांचे संघ एकत्र करावे लागतात, तेही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना हरवण्यासाठी जगलेल्या क्लबांना. जुलैतल्या त्या अंतिम लढतीला सिडनीत सुरुवात झाली तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. इथल्या मंडळींना खात्री आहे की तिथे त्या रात्री कोणी झोपलं नाही.

काठीही आता घरची राहिली नाही. ॲशच्या झाडांना लागलेला बुरशीचा रोग २०१२ मध्ये आयर्लंडात पहिल्यांदा आढळला, आणि झाडं वाळत चालली आहेत. हर्लीचं लाकूड बाहेरून येतं. काही जण बांबूच्या काठीनं खेळतात. म्हातारे ती हातात घेतात, तोलून पाहतात, आवाज बरोबर नाही म्हणतात आणि परत देतात.

(दृश्य: सामना संपलेला. गोलखांबामागे संध्याकाळ. चहाच्या किटलीभोवती गर्दी.)

आजचा हर्लिंगचा सामना संपला. कोण जिंकलं हे त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखा; हरलेले लवकर गाडीकडे जातात. क्लबाचा एक माणूस फळ्यापाशी येतो, जुना कागद काढतो, नवा लावतो. चार-पाच डोकी पुढे होतात. रविवार, दुपारी अडीच, फुटबॉल.

तो खेळाडू डिकी उघडतो, हर्ली बाजूला सारतो आणि चेंडूत हवा भरायला पंप शोधू लागतो.