या कानाचं माप आज नाही

(दृश्य: धंतोली. इमारतींवर दवाखान्यांच्या पाट्यांची गर्दी, खाली ऑटो.)

निवेदन: धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे नागपूरची दवाखान्यांची वस्ती. विदर्भातून लोक येतातच, छिंदवाडा-बालाघाटहूनही येतात. श्रवणयंत्राला बहुतेक जण सरळ 'कानाची मशीन' म्हणतात. माप द्यायचं, पैसे भरायचे, संध्याकाळच्या गाडीने परत.

(दृश्य: तपासणीची खोली. खुर्चीत आजी, बाजूला नातू.)

ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारी तज्ज्ञ, विचारते, "आजी, कान कधी वाहत होता का?"

"लहानपनी भल्ला वाहे. मंग ऑपरेशन झालतं ना बाप्पा."

निवेदन: कान वाहणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे, की विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून आधी विचारायचं आणि मग ऑटोस्कोपने आत बघायचं. मळ किती, पू आहे का, पडदा शाबूत आहे का.

मोल्डसाठी, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्यासाठी, कानाचं माप घेताना दोन भाग मळून केलेलं मऊ सिलिकॉन सिरिंजने कानात भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. ते पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून आधी दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवतात. मोठ्या माणसाची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे चुकायला जागाच नाही. बोळा लहान पडला आणि पडद्याला भोक असलं, तर सिलिकॉन मधल्या कानात उतरतं. हाड कोरलेल्या, ऑपरेशन झालेल्या कानात आत पोकळी असते. तिथे ते पसरून अडकतं आणि काढायला पुन्हा ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं.

(दृश्य: हाताचा क्लोज-अप. करंगळी गालावर टेकलेली.)

ही करंगळी बघा. आत हात लागला की काही जणांना खोकला येतो, कारण कानाच्या नळीत व्हेगस नसेची एक फांदी येते. डोकं हललं तर गालावर टेकलेला हातही सोबत हलतो, टोक आत घुसत नाही. सवय एवढीशी आहे, पण घाईत पहिली तीच सुटते.

नातू म्हणतो, "मॅडम, पहाटे निघालो आम्ही. माप तरी घेऊन टाका."

"या कानाचं आज नाही, दादा. आधी ईएनटी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कानाचं घेते."

गिऱ्हाईक परत पाठवणं धंद्याला जड जातं, आणि सुरक्षेची खरी परीक्षा तिथेच होते.

(दृश्य: खिडकीतला कूलर धडधडतोय.)

निवेदन: मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. पण श्रवणचाचणीच्या खोलीत हा आवाज शिरला, तर बारीक आवाज त्यात बुडतात. 'ऐकू आलं' म्हणून दाबायचं बटण पेशंट दाबत नाही, आणि कागदावर तो आहे त्यापेक्षा जास्त बहिरा दिसतो. त्या आलेखावर मशीन लावली, तर गरजेपेक्षा मोठा आवाज उरलेल्या श्रवणाचंच नुकसान करू शकतो. म्हणून आवाजबंद खोली हवी. तपासणीचं यंत्रही ठरावीक मुदतीने कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे अचूकता तपासून घेतलेलं हवं, आणि ते विचारायला लाजायचं कारण नाही.

मशीनच्या बटणासारख्या छोट्या सेलचं मात्र घरी सांभाळावं लागतं. गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवलेला सेल वयस्कर माणसं औषध समजून गिळतात. लहान मूल तो नाकात घालतं, आणि तिथे काही तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. कुठे गेला कळत नसेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

(दृश्य: भिंतीवरचं नोंदणीपत्र.)

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. त्याखाली नोंदणी झालेल्या ऑडिऑलॉजिस्टना सीआरआर, म्हणजे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला, नंबर मिळतो. तो बघून घ्या.

(दृश्य: रिसेप्शन. फोन वाजतो.)

निवेदन: फोन घेणाऱ्या मुलीला एक प्रश्न आधी विचारायला शिकवलंय: "कधीपासून?" पलीकडून "परवापासून, एकाच कानाला, एकाएकी" असं उत्तर आलं, तर ती मशीनच्या तपासणीची वेळ देत नाही. असा अचानक आलेला बहिरेपणा आतल्या कानाचा असू शकतो. स्टेरॉइड लवकर सुरू केलं तरच त्याचा उपयोग जास्त, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत. ती म्हणते, "काका, इथे नका येऊ. आजच ईएनटी डॉक्टरांकडे जा," आणि डॉक्टरांचा नंबर लिहून घ्यायला सांगते.