पहिल्या धारेचा नमुना

(किडनी प्रत्यारोपणानंतरचे लैंगिक आजार या विषयावर रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

प्रत्यारोपणानंतर चिपळूण, राजापूर, सावंतवाडीहून तपासणीला मुंबई गाठणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असते. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी, लघवीची मधली धार द्यायची. क्लॅमिडिया आणि गनोरिया या लैंगिक संसर्गांच्या पीसीआरसाठी (जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) मात्र नेमकं उलटं. आधी किमान तासभर लघवी करायची नाही आणि मग सुरुवातीचीच, पहिल्या धारेची, १० ते २० मिली बाटलीत घ्यायची. हसू नका, शब्द तोच आहे! मूत्रमार्गात चिकटलेले जंतू या पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. मधली धार दिली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बायकांसाठी योनीतला स्वॅब जास्त खात्रीचा.

साध्या कल्चरमध्ये क्लॅमिडिया उगवत नाही. त्यामुळे 'पस सेल्स (पूपेशी) भरपूर, वाढ नाही' असा रिपोर्ट वारंवार येत असेल तर दोन गोष्टी शोधायला सांगा : क्षय आणि लैंगिक संसर्ग. पहिल्याची आठवण डॉक्टरांना आपसूक होते, दुसऱ्याची तुम्ही करून द्या.

आता मेडिकलमधल्या गोळ्यांबद्दल, कारण खरा घोळ तिथे होतो. आपली हवा दमट, जांघेत खाज नेहमीचीच. गजकर्ण समजून कुणी इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी देतं. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, ज्या एन्झाइममुळे यकृतात मोडतं, तेच ही गोळी अडवते. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सचंही तेच. गोळी टाळता येत नसेल तर टॅक्रोलिमस आधीच कमी करून पातळी तपासत राहावी लागते. रक्त सकाळचा डोस घेण्यापूर्वी द्यायचं. गोळी थांबली की डोस पुन्हा वाढवायचा असतो. तो वाढवायचा राहून गेला तर रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका. लैंगिक आजारांवरची डॉक्सिसायक्लीन (१०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस), सेफ्ट्रियाक्झोन आणि सिफिलिससाठीचं २४ लाख युनिटचं पेनिसिलीन सहसा अशी गडबड करत नाहीत.

लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत मिळतात. पण योनिस्रावासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांच्या हिरव्या किटमध्ये फ्लुकोनॅझोल असतं, तेही तेच एन्झाइम अडवणारं बुरशीवरचं औषध. एकाच गोळीने फारसं बिघडत नाही, तरी खुर्चीत टेकता टेकता 'माझं प्रत्यारोपण झालंय' हे आधी सांगा.

हर्पिस, म्हणजे गुप्तांगावरचे पाणीदार फोड, इतरांना पुन्हा उठला तर आठ-दहा दिवसांत भरून येतो. प्रत्यारोपण झालेल्या तुमच्यात फोड पसरून जखमा आठवडेच्या आठवडे राहू शकतात. त्यावरच्या अ‍ॅसायक्लोव्हिरचा डोस किडनीच्या कामावरून ठरतो, आणि पाणी कमी पडलं तर त्याचे स्फटिक किडनीतच अडकतात. शेजाऱ्याची उरलेली पाकिटं नकोतच.

एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूची) लस मेलेल्या जंतूंचीही नसते, नुसतं प्रथिनाचं कवच असतं. त्यामुळे प्रत्यारोपणानंतरही चालते, तीन डोस, सहा महिन्यांत. आधी घेतली तर प्रतिसाद चांगला. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणीही चुकवू नये.

आणि कंडोम. मायकोफेनोलेट (किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनचं आणखी एक औषध) चालू असलेल्या बाईसाठी तो एकटा पुरत नाही, कारण हे औषध गर्भाला घातक आहे आणि मूल हवं असेल तर किमान ६ आठवडे आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलावं लागतं. म्हणून संसर्गासाठी कंडोम आणि गर्भधारणा टाळायला दुसरं साधन, दोन्ही. संसर्ग निघाला तर जोडीदाराचे उपचार त्याच वेळी. दोघांचे संपून ७ दिवस होईपर्यंत संबंध नाहीत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तीच पहिल्या धारेची बाटली.