पिसांचा सोस आणि सहा पट्ट्यांची काठी

पत्रिकेवर माझा विषय ‘बांबूचा फ्लाय रॉड कसा पारखावा’ असा छापला आहे. त्यावर येतोच. पण रॉडच्या टोकाला शेवटी जी माशी, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेला खोटा किडा, बांधतात तिच्याबद्दल आधी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझी एक तक्रार आहे आणि ती ऐकून घेतील असे लोक एका खोलीत रोज जमत नाहीत.

तुम्ही सगळे गरवणारे आहात, त्यामुळे फ्लाय फिशिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. पवईला कणकेचा गोळा लावून बसणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की इथे फेकण्याजोगं वजन गळाला नसतं. ते लाईनीला, म्हणजे दोरीला असतं, आणि माशी नुसती तिच्या मागून जाते. म्हणून माशी हलकी असली तरी चालते आणि म्हणूनच ती पिसांची करता येते. इथपर्यंत ठीक. पुढे पिसांचा सोस सुरू झाला आणि तिथे माझं भांडण आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन माशासाठी ज्या माश्या बांधल्या जाऊ लागल्या त्यांचे मासले बघा. जॉक स्कॉट नावाची एक प्रसिद्ध माशी आहे. तिच्या मूळ कृतीत टूकनचं पिवळं पीस, सोनेरी फेजंटचा तुरा, शहामृगाच्या पिसाचा काळा तंतू, मोराचं पीस असं बरंच काही एका गळावर चढवायचं असतं. त्या काळच्या पाककृतींत ‘इंडियन क्रो’ हे नावही वारंवार येतं. तो पक्षी भारतातला नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. (श्रोत्यांत हशा.) हसा, पण या यादीत आपला एक खराखुरा पक्षी आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो: सह्याद्रीतला राखी रानकोंबडा.

महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात पहाटे ओरडतो तोच. नराच्या मानेवरची पिसं जवळून पाहिलीत तर एक गंमत दिसते. पिसाचा मधला कणा टोकाकडे चपटा होत जातो आणि त्याची गुळगुळीत, मेणचट, पिवळसर टिकली बनते. तिच्याखाली आणखी एक पांढरा ठिपका असतो. एनॅमलचा थेंब पडून वाळावा तसं ते दिसतं. माशीच्या पंखाच्या दोन्ही बाजूंना असं एकेक पीस बसवलं की लहान माशाच्या डोळ्याचा भास होतो, असं बांधणारे मानतात. या पिसासाठी राखी रानकोंबड्याच्या मानेची कातडी वर्षानुवर्षं आपल्या देशातून बाहेर गेली. त्यातही पारख होती. पावसाळ्याच्या सुमारास नर मानेची ही पिसं गाळतो आणि काही महिने साध्या काळपट पिसांवर राहतो. त्या काळातली कातडी व्यापाऱ्याच्या कामाची नसे. 1960च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आता तिकडचे लोक पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आपल्याकडे रानात सापडलेलं पीससुद्धा उचलून माशीला लावू नका. कायद्याने ते चालत नाही.

या पिसाची एक खोड आहे. ते उभं चिरतं. चिरलेलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, बोटांनी सारखं करून, मागच्या बाजूने पातळ लाखेचा एक हात द्यायचा आणि चीर मिटेपर्यंत दोन बोटांत धरायचं. पुढच्या बाजूने लाख लावली तर तकाकी जाते. एवढी मेहनत कशासाठी, तर काचेच्या चौकटीसाठी. कारण आज या जुन्या सॅमन माश्या बांधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सॅमन धरलेलाच नसतो.

हा सोस कुठवर जातो तेही सांगतो. लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचं गाव आहे. तिथे ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह ठेवला आहे. जून 2009मध्ये एका रात्री संगीताचा एक विद्यार्थी, बासरीवादक, आगगाडीने तिथे गेला, खिडकी फोडून आत शिरला आणि सूटकेस भरून बाहेर पडला. त्याने 299 पक्ष्यांची कातडी नेली. कोटिंगा, क्वेत्झल, स्वर्गीय पक्षी आणि तो न-कावळा इंडियन क्रो. त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलय द्वीपसमूहातून गोळा केलेले नमुनेही होते. म्युझियमला चोरी कळायला महिनाभर लागला, कारण खणातला पक्षी रोज कोण मोजतो? मुलगा स्वतः माश्या बांधण्यात तरबेज होता, आणि ही पिसं विकत घेणारे त्याच्यासारखेच माश्या बांधणारे होते. 2011मध्ये त्याला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. बरेच पक्षी परत मिळाले, पण कित्येकांच्या पायाची चिठ्ठी कापलेली होती. कुठला पक्षी, कोणी, कधी, कुठे धरला हे त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने ते नुसतं रंगीत पीस राहतं. आणि एवढं करून जी माशी होते ती रंगवलेल्या कोंबडीच्या पिसांनीही होते. सॅमनला फरक कळत नाही. खरं तर नदीत परतलेला सॅमन खातही नाही. माशीवर झडप का घालतो यावर अजून वाद चालू आहेत.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर (1906–1980) नावाचा नदीरक्षक होता. त्याने फेजंट टेल निंफ नावाची माशी बसवली. निंफ म्हणजे पाण्यात राहणारं, पंख न फुटलेलं किड्याचं पिल्लू. सामान दोनच: नर फेजंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. दोरा नाही, मेण नाही, कोंबड्याचं पीस नाही. इथे येताना मी गळ, तार आणि पिसं आणली आहेत. व्हाइसमध्ये, म्हणजे या शिकंज्यात, 14 नंबरचा गळ लावतो, बघा.

तार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते ती, साधारण 0.15 मिलिमीटरची. डोळ्यापासून गळाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त अंतर सोडून सुरुवात. दांड्यावर शेजारी शेजारी वेढे घेत वाकाजवळ जायचं, परत पुढे येऊन डोळ्यामागच्या तिसऱ्या हिश्श्यात वेढ्यांवर वेढे घेत एक उंचवटा करायचा. ही छाती, आणि हेच माशीचं वजन. मग तार परत वाकाकडे. आता चार तंतू, तीन नाही आणि सहा नाही, टोकं सारखी जुळवून वाकाजवळ असे बांधायचे की टोकं मागे एक सूतभर बाहेर राहतील. ती शेपटी. तंतू आणि तार एकत्र पिळायची आणि ती पिळी पुढे गुंडाळत डोळ्यापर्यंत न्यायची. तारेमुळे अंग आपोआप बळकट होतं. डोळ्याशी तार सुटी करून उंचवट्याच्या मागे न्यायची, उरलेले तंतू त्याच्यावरून मागे दुमडायचे, तारेच्या दोन वेढ्यांनी धरायचे, परत पुढे दुमडायचे आणि डोळ्यामागे बांधून टाकायचे. दुमड्यांमुळे पाठीवर गडद पट्टी येते, फुटू आलेल्या पंखांची. झाली माशी. पाय नाहीत, कारण पोहताना खरी निंफ पाय अंगाशी घेते हे सॉयरने पाण्यात बघितलं होतं.

चुकतं कुठे? दहापैकी नऊ जण डोळ्याशी चुकतात. मागून बांधत येताना प्रत्येक टप्प्याला केसभर जास्त जागा खातात आणि शेवटी डोळा बुजतो. मग नदीकाठी नायलॉन ओवता येत नाही आणि शिव्या खातो विकणारा. दुसरी चूक म्हणजे गळाचं टोक तारेला किंवा दोऱ्याला घासणं. जिथे घासलं तिथे ती तार किंवा तो दोरा तिसऱ्या माशाला तुटणार. तिसरी, तंतू कोरडे पिळणं. जिभेने ओलावा द्या, नाहीतर ते मधेच तडकतात. आणि दोऱ्याच्या माश्या बांधताना सैल दहा वेढ्यांपेक्षा घट्ट तीन वेढे चांगले. वेढे वाढले की डोकं फुगतं, डोकं फुगलं की माशी नाकावर आपटते. पाण्यावर तरंगणारी माशी असेल तर गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतचं जे अंतर, त्याच्या दीडपट लांबीचे तंतू असलेलं कोंबड्याचं पीस घ्या. त्याहून लांब घेतलंत तर माशी उताणी पडते.

आयोजकांनी पंधरा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी दिली आहे. म्हणजे रॉड राहिलाच! (हशा.) तर आता भराभर.

माशीत सामानाचा सोस तसा रॉडमध्ये बांबूच्या जातीचा. पहिला प्रश्न नेहमी ‘टोंकिन आहे का?’ असतो. टोंकिन म्हणजे रॉडसाठी नावाजलेला चिनी बांबू. गंमत अशी की आधी बांबूचे जवळपास सगळे रॉड आपल्याकडच्या बांबूचे होते. ‘कलकत्ता केन’ म्हणून जो बांबू इंग्लंड-अमेरिकेत जायचा तो म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. आपण त्याला मानवेल म्हणतो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात हाच आहे आणि बल्लारपूरचा कागद याच्यावर निघाला. रॉडसाठी मात्र माल बंगालकडून जायचा. पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिपीने 1840च्या दशकात कामट्या जोडून रॉड केले, मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने 1870च्या दशकात सहा पट्ट्यांचा रॉड बाजारात रुजवला, तेव्हा हाच बांबू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या क्वांगतुंगमधला सरळ, लांब पेरांचा, दाट तंतूंचा बांबू आला आणि मानवेल मागे पडला. त्यात अन्याय नाही. कलकत्त्याच्या मालावर भाजल्याचे डाग असत आणि गाठी जास्त. चिनी बांबूचं शास्त्रीय नाव फ्लॉइड मॅक्ल्यूरने 1931मध्ये दिलं. 1950 ते 1971 अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, त्याच काळात काचतंतूचे रॉड पुढे निघाले आणि जुन्या साठ्यावर जगणारे कारागीर थोडेच उरले.

कृती एका दमात सांगतो. सव्वादोन इंच व्यासाच्या बांबूच्या कामट्या काढायच्या. गाठी कानसून, उष्णता देऊन दाबून सपाट करायच्या. ताकद सगळी सालीलगतच्या तंतूंत असते, म्हणून रंधा पोटाच्या दोन बाजूंनाच, पाठीला कधीच नाही. कामटी ज्यात ठेवून रंधतात त्या पोलादी पट्ट्यांमध्ये 60 अंशांची खाच असते, दर पाच इंचांवर बोल्ट असतात आणि ते फिरवून खाचेची खोली बदलता येते. त्याआधी बांबूच्या पट्ट्या सुमारे 175 ते 190 अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजायच्या, ओल जाऊन त्या ताठ होतात. सहा समभुज त्रिकोण जुळले की षटकोन होतो. मग गोंद, दोऱ्याने आवळणं, सरळ करणं, रॉडचे भाग जोडायला जर्मन सिल्व्हरचे सांधे, बुचाच्या चकत्यांची मूठ, लाईन ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधणं, व्हार्निश. हाताने केला तर एका रॉडला चाळीस-पन्नास तास सहज लागतात.

पण मोजमाप बघा. टोकाशी रॉडची जाडी 0.070 इंच, म्हणजे प्रत्येक पट्टीची उंची 0.035. रंध्याने पट्टीत एक हजारांश इंच जास्त ठेवला तर रॉड 0.072 होतो. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तिथे रॉड सुमारे 12 टक्के ताठ झाला! तीच चूक मुठीजवळ, जिथे जाडी 0.300 असते, तिथे जेमतेम पावणेतीन टक्के पडते. म्हणून कुठला बांबू हे विचारण्याआधी टोकाचा भाग कोणी आणि किती काळजीने रंधला ते विचारा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते सांगायला मला दोनच मिनिटं उरावीत हे माझं नशीब.

पारखताना व्हार्निशची चमक सोडून द्या. षटकोनाच्या कडा बोटाने चाचपा. गोलसर लागल्या तर पॉलिश पेपर जास्त फिरलाय आणि वरचे तंतू गेलेत. पट्ट्या जिथे जुळतात त्या सहा रेषा बघा. फट दिसली तर नको. मात्र रिसॉर्सिनॉल गोंदाची लालसर-काळी रेषा फट समजू नका, तो गोंदच तसा असतो. गाठी एका कड्यात सगळ्या येता कामा नयेत. शेजारच्या पट्ट्यांच्या पुढे-मागे हव्यात. मुठीकडून एका सपाट बाजूवर डोळा लावून टोकापर्यंत बघा. बाजू वळत गेली तर पीळ आहे, एकीकडे झुकली तर बाक बसलाय. थोडा बाक जुन्या रॉडला चालतो, पीळ नाही. धातूचा सांधा ओढताना ‘पॉक’ असा आवाज यावा. फार जुन्या रॉडवर ठिकठिकाणी जवळजवळ रेशमाचे वेढे दिसले तर आत सरस असण्याची शक्यता धरा. असा रॉड कोकणात पावसाळ्यात नेऊ नका, दमटपणात सरस सुटतो.

वापरून झाल्यावर पुसा, कापडी पिशवीत घालून टांगा, ओला रॉड नळीत बंद करू नका. सांधा अडकला तर पिळू नका, पट्ट्या सुटतील. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरायचा, सांधा दोन गुडघ्यांच्या मधोमध, दोन्ही मुठी गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, आणि गुडघे फाकवायचे. दोन्ही भाग सरळ रेषेत सुटतात. कडीला धरून ओढलंत तर कडी हातात येईल.

टेबलावर साडेसात फुटांचा दोन भागांचा एक रॉड जोडून ठेवला आहे. हात लावा, पण टोक धरून वाकवू नका. बोटांनी वाकवलेल्या टोकावर सगळा ताण एकाच जागी येतो. रीळ आणि लाईन लावलेली आहे, बाहेर हिरवळ आहे. माशी नाही लावली, लोकरीचा तुकडा बांधला आहे, त्यामुळे कोणाच्या कानाला काही होणार नाही. एकेक जण या, आणि मागे उभं राहणाऱ्यांनी किमान वीस पावलं लांब उभं राहा.