खड्डा घेण्याआधी गवतात बसा

(टेकडीवर नव्याने काम सुरू करणाऱ्या स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी कुणी पंचवटीकडून पुण्यातली वेताळ टेकडी चढतं, कुणी गोखलेनगरकडून, कुणी कोथरूडकडून. रोज सकाळी हातात पाण्याची बाटली घेऊन वर जाणारे आणि ती एखाद्या रोपाच्या बुडाशी रिकामी करून परतणारेही इथे आहेत. या शहराचं टेकडीवर फार प्रेम आहे. २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच आज मला या प्रेमाच्या एका बाजूबद्दल थोडं कठीण बोलायचं आहे.

मी या कामात आले तेव्हा आमच्या गटाचं एकच ध्येय होतं, बोडकी टेकडी हिरवी करायची. पावसाळ्यात झाडं लावायची म्हणून मे महिन्यात खड्डे घ्यायला जायचो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. वरचा मुरूम कुदळीला दाद देत नाही, म्हणून जिथे जरा मऊ लागेल तिथे, म्हणजे गवताच्या ठोंबाजवळ, घाव घालायची सवय लागली होती. अशाच एका सकाळी मी एक ठोंब उपटला आणि त्याच्या आडोशाला हाताच्या वाटीएवढा खळगा दिसला. कडेनं बारीक खडे मांडलेले, आत वाळलेल्या काड्यांचं अस्तर आणि तीन अंडी. मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. एक माझ्या कुदळीनं फुटलं होतं.

ते तांबूस शेपटीच्या चंडोलाचं घरटं होतं. हा पक्षी जमिनीवरच घरटं करतो आणि बहुतेकदा उन्हाळ्यातच, म्हणजे नेमका आपल्या खड्ड्यांच्या हंगामात. मादी दहा पावलांवर एका दगडावर बसायची, तुरुतुरु पुढे यायची, पुन्हा मागे जायची. मी ठोंब होता तसा लावून ठेवला, सगळ्यांना तिथून लांब नेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर उरलेली दोन अंडी गार पडली होती. त्या दिवशी आमच्या वहीत ‘४० खड्डे पूर्ण’ अशी नोंद आहे. घरट्याची नोंद नाही, कारण तसा रकानाच नव्हता.

मला सांगायचं आहे ते एवढंच. टेकडीवरचं गवत म्हणजे झाड नसलेली रिकामी जागा नव्हे. ते स्वतःच एक नांदतं घर आहे. चंडोल तिथे राहतो, तित्तिर राहतो. टिटवी आणि रातवा तर घरट्याचाही खटाटोप न करता उघड्या जमिनीवर अंडी घालतात. रातवा दिवसा अंड्यांवर बसलेला असतो तेव्हा दोन हातांवरूनही दिसत नाही, वाळक्या पानांचा ढीगच वाटतो. आपण पाय टाकतो तिथे तो असू शकतो.

(इथे वक्त्या एक वाळलेलं कुसळ हातावर घेऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकतात.)

जरा जवळ या. हे कुसळी गवताचं बी. चालताना मोज्यात घुसतं आणि आपण वैतागतो, तेच. खाली टोकदार बी आहे, वर हा पिळ पडलेला काळपट काटा. पाणी पडलं तसा पीळ उलगडायला लागला, बघा, फिरतंय. वाळलं की पुन्हा पीळ भरेल. दिवसा ऊन, रात्री दव, असं उलटसुलट फिरत हे बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. टोकाचे केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे एकदा आत गेलं की सहसा बाहेर येत नाही. त्याला कुणी खड्डा घेऊन दिलेला नाही. पुण्यात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि खाली काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम. या जागेचं गणित या गवताला आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं आहे.

मग गिरिपुष्पाचं काय, असं तुम्ही विचाराल. फेब्रुवारीत टेकडीवर जी गुलाबी फुलं दिसतात, त्या झाडाबद्दल बोलतेय. खेड्यात याला उंदीरमारी म्हणतात. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, फांदी खोचली तरी फुटतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. एवढे गुण एका झाडात मिळाल्यावर वनीकरण करणाऱ्यांनी ते हजारोंनी लावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्याच्या दाट सावलीत गवत मागे हटतं आणि गवताबरोबर गवतातले जीवही. तरीही सगळं गिरिपुष्प तोडून टाका, असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत मोरांनी त्या झाडीत आसरा शोधला आहे. शिवाय यातली बरीच जमीन वन विभागाची आहे, परवानगीशिवाय फांदीलाही हात लावायचा नाही. रीतसर परवानगी घेऊन थोड्या जागेत विरळणी करायची, उजेड आत येऊ द्यायचा आणि खालून मेडशिंगी, मोई, धावडा आपणहून वर येतात का ते पाहायचं. हे काम सावकाशीचं आहे. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

झाडं लावायचीच असतील तर ओघळींच्या काठी, जिथे माती साचते तिथे, आणि टेकडीचीच लावा. मेडशिंगीच्या मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या शेंगा तुम्ही पाहिल्या असतील. सालई, गणेर, पांगारा ही सगळी उन्हाळ्यात पानं टाकून देणारी मंडळी आहेत. मार्चमध्ये गणेर निष्पर्ण उभा असतो आणि टोकांना हळदीसारखी पिवळी फुलं. ते झाड वाळलेलं नसतं, त्याला पाणी घालायला धावू नका. आणि मोरांसाठी भात, बिस्किटं नेऊन ठेवू नका. त्यावर मोरांआधी कुत्री आणि उंदीर जमतात, आणि जमिनीवरची अंडी त्यांच्या तावडीत सापडतात.

ही चूक एकट्या टेकडीवर झालेली नाही. आपल्याकडे माळरानाला सरकारदरबारी बराच काळ ‘पडीक’ म्हटलं गेलं. जे पडीक, तिथे काहीही करायला मोकळीक. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक हा मोकळ्या गवतात चारी दिशा न्याहाळत चालणारा पक्षी. त्याच्या माळावर दाट झाडी उभी केली तर आपण त्याला घराबाहेर काढतो. आज महाराष्ट्रात तो जवळपास दिसेनासा झाला आहे. शिकार, शेती, विजेच्या तारा, कारणं अनेक आहेत, पण माळ आक्रसत गेला हे त्यातलं मोठं कारण.

आता हाताला काम. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि वणव्याची भीती सुरू होते. एका विडीच्या थोटकानं आख्खा उतार काळा होतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत वन विभागाच्या माणसांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायला माणसं हवी आहेत. काम अंगमेहनतीचं आहे, सुती कपडे आणि जाड तळव्यांचे बूट घालून या. आग दिसली तर आधी फोन, मग हातात ओली फांदी. एकट्यानं पुढे जायचं नाही.

आणि येत्या रविवारी साडेसहाला पंचवटीच्या बाजूनं वर जायचं आहे. कुदळ, फावडं कुणी आणू नका. एकेकानं एकेक जागा निवडायची आणि गवताच्या कडेला अर्धा तास गप्प बसायचं. वही मी देईन. त्यात आता घरट्यांचा रकाना आहे.